कोबीच्या वाफ्यापलीकडची फॅक्टरी

शुक्रवारी मिस्टर हॉलिस कॉन्ट्रॅक्ट्स एक्स्चेंज करणार होते, आणि मंगळवारी दुपारी ऑफिसच्या किचनमध्ये सगळे इराभोवती जमून तिचे चीनचे फोटो पाहत होते. मी केटलपाशी उभी होते. पाणी उकळून झालं होतं, तरी मी पुन्हा बटण दाबलं.

या दोन गोष्टींचा संबंध सांगते. मी बर्मिंगहॅममधल्या एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये सॉलिसिटर आहे. माझं डिपार्टमेंट प्रॉपर्टीचं. दुकानं, गोदामं, फ्लॅट्स, त्यांची खरेदी-विक्री, त्यांची लीज. मिस्टर हॉलिस आमचे जुने क्लायंट. त्यांच्या आजोबांनी सुरू केलेली फॅक्टरी होती. मोठमोठ्या प्रेसवर पत्रा दाबून बिजागऱ्या, कड्या, कुलपांचे भाग बनवायचे. तेव्हा म्हणजे २००६ च्या अखेरीला बर्मिंगहॅममध्ये जुन्या फॅक्टऱ्या पाडून फ्लॅट्स बांधायचं पेव फुटलं होतं. एका बिल्डरने हॉलिसना त्यांच्या जागेसाठी भरघोस किंमत देऊ केली. त्यांचा बेत साधा होता. ही जागा विकायची, प्रेस बोटीवर चढवायच्या आणि यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या एका गावात नवी फॅक्टरी टाकायची.

इथल्या विक्रीचं काम माझ्याकडे होतं. चीनचं काम इराकडे.

इंग्लंडमध्ये जागेच्या व्यवहारात ‘एक्स्चेंज’ हा परतीचा दोर कापण्याचा क्षण असतो. तोपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतं. दोन्ही बाजूंनी सही केलेले कॉन्ट्रॅक्ट एकमेकांना दिले, डिपॉझिट भरलं, की व्यवहार बांधला जातो. म्हणजे शुक्रवारनंतर हॉलिसना इथली जागा ठरल्या तारखेला रिकामी करून द्यावीच लागणार होती. चीनमध्ये काही गडबड झाली असती, तर त्यांच्याकडे आजोबांच्या वेळेपासूनचा धंदा असता आणि तो ठेवायला जागा नसती.

आता इराबद्दल. इरा लेस्टरची. जन्म तिथलाच, आई-वडील मूळचे नाशिकचे; मराठी घरी शिकलेलं, त्यात ‘तो, ती, ते’ची सरमिसळ. युनिव्हर्सिटीत तिने कायद्याबरोबर मँडरिन घेतलं होतं आणि दोन वर्षं चीनमध्ये राहून आली होती. ती फोनवर चायनीज बोलायला लागली की आमचा अख्खा मजला गप्प व्हायचा. मी पुण्यात एलएल.बी. केलं, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, आणि माझ्या इंग्रजीतल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’कडे अजूनही लोकांचं लक्ष जातं. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मी त्यांची मेधा. इरा तेवढी मला ताई म्हणायची, तेही सगळ्यांसमोर. तिला त्यात माया वाटत असावी. मला त्यात माझं वय ऐकू यायचं.

आमचे सीनियर पार्टनर जेफ्री चायना डेस्क काढणार अशी कुजबुज होती. डेस्क म्हणजे चीनशी संबंधित कामं पाहणारी छोटी टीम आणि तिचा एक हेड. ते कोणाला मिळणार हे विचारायची गरजच नव्हती. जेफ्री स्वतःसाठी चहा करताना तिला विचारायचे, ‘तुलाही करू?’ इतक्या वर्षांत त्यांनी मला ते कधी विचारलं नव्हतं. मी चहा स्वतः करते आणि मला तो स्वतः केलेलाच आवडतो. तरीही.

त्याआधी महिनाभर इराने लंच टाइममध्ये सगळ्यांसाठी सेमिनार घेतला होता. चीनमध्ये जमीन विकत मिळते का, हा विषय. तिने फार सोपं करून सांगितलं. शहरातली जमीन सरकारची. खेड्यातली जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. दोन्ही विकत मिळत नाहीत. मिळतो तो वापरण्याचा हक्क, ठरावीक वर्षांसाठी. घराला सत्तर, फॅक्टरीला पन्नास, दुकानाला चाळीस. हा हक्क सरकार देतं, सगळी रक्कम आधी घेतं आणि तो नोंदवून सर्टिफिकेट देतं.

‘म्हणजे आपलं लीजहोल्डच,’ जेफ्री म्हणाले. ‘फक्त लँडलॉर्ड जरा मोठा.’

सगळे हसले. इंग्लंडमध्ये फ्लॅट घेणारा माणूस बहुतेक वेळा नव्याण्णव किंवा सव्वाशे वर्षांचं लीजच घेत असतो, त्यामुळे वर्षं मोजण्याची आम्हाला सवय आहे. हसून झाल्यावर लोक सँडविचकडे वळले. इराने शेवटी आणखी एक वाक्य सांगितलं. गावाची शेतजमीन गाव परस्पर फॅक्टरीला देऊ शकत नाही, आधी सरकारने ती ताब्यात घ्यावी लागते आणि मग सरकार देतं. ते वाक्य मी ऐकलं. त्या खोलीत मी एकटीच मन लावून ऐकत होते. ती कुठे चुकते ते मला पाहायचं होतं. ती कुठेही चुकली नाही.

तर मंगळवारी ती किचनमध्ये लॅपटॉप उघडून बसली होती. आदल्याच दिवशी साइट पाहून परतली होती.

‘ताई, इकडे ये ना. तू नाही बघितलंस.’

‘बघते.’

‘हा गावचा पार्टी सेक्रेटरी, तिकडे तोच हेड. याने मला इतका प्यायला लावला ना. माझ्या आईला सांगू नको.’

‘मी कुठे भेटतेय तुझ्या आईला.’

‘आणि हे साइट. ती भिंत दिसतं ना, तिथपर्यंत आपलं.’

फोटो सुंदर होता. तिचे फोटोही सुंदर यायचे. समोर विटांची नवी भिंत, मागे धुरकट आभाळ आणि भिंतीपर्यंत कोबीचे वाफे. सरळ ओळी, मधून पाण्याची सरी, कडेला कांद्याची पात. टोपी घातलेली एक बाई पाणी घालत होती. मी तो फोटो इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिला. इराच्या बाबतीत मी सगळंच जास्त वेळ पाहायची.

‘कोबी कोणाचा आहे?’ मी विचारलं.

‘गावाचं. तिकडे सगळं गावाचंच आहे. आपलं काम सुरू झालं की काढणार.’

‘आणि पैसे कोणाला द्यायचे?’

‘गावाला. दर वर्षी रेंट. फिफ्टी इयर्स.’

‘एन.ए. झालंय का?’

‘म्हणजे? नॉट ॲप्लिकेबल?’

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या दोन अक्षरांचा अर्थ सांगावा लागत नाही. शेतजमिनीवर घर किंवा कारखाना बांधायचा, तर आधी ती बिगरशेती करून घ्यावी लागते. माझ्या वडिलांनी पुण्याबाहेर एक प्लॉट घेतला होता. विकणारा म्हणाला होता, एन.ए. होणार आहे. आमच्या घरी ‘एन.ए. झालं का’ हा प्रश्न लोक ‘पाणी आलं का’ विचारतात तसा विचारला जायचा. वडील रिटायर झाले, वारले. प्लॉटला तारेचं कुंपण आहे आणि आत शेजारचा शेतकरी भेंडी लावतो.

हे मी इराला थोडक्यात सांगितलं. मराठीत बोलत होतो, त्यामुळे बाकीच्यांना वाटलं आमची भाज्यांवर चर्चा चालली आहे. एकाने तर विचारलंसुद्धा, तिकडे फ्लॉवर होतो का म्हणून.

‘तूच सेमिनारमध्ये म्हणाली होतीस,’ मी म्हणाले, ‘की गाव परस्पर देऊ शकत नाही.’

‘हो, पण सेक्रेटरी म्हणाला, काउंटीच्या सरकारी ऑफिसशी बोलणं झालंय. पेपर येणार आहे.’

‘येणार आहे की आलाय?’

इराने लॅपटॉप मिटला. ती आपल्या जागेवर गेली. मी चहा केला आणि मला तो प्यायचाच नव्हता हे लक्षात आलं.

संध्याकाळी दोन स्टॉप आधी बसमधून उतरले आणि चालत घरी गेले. बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी इतकं बरं वाटत होतं. जेफ्रींच्या खोलीचं दार त्या दुपारभर उघडं होतं आणि मी आत गेले नाही, यात माझा मोठेपणा काही नव्हता. माझी खात्री नव्हती. एन.ए. महाराष्ट्रात असतं. हे चीन होतं, आणि चीन तिचा विषय होता.

बुधवारी सकाळी मी पोचले तर इरा माझ्या खुर्चीत बसली होती. डोळे सुजलेले, केस मात्र नेहमीसारखे नीट.

‘ताई, तुझा खुर्ची किती हार्ड आहे. कशी बसतेस?’

‘काय झालं?’

‘सकाळी घरून शांघायला फोन केला. आपल्या लॉयर्सना. जमिनीचं त्यांना विचारलंच नव्हतं आपण. मिस्टर हॉलिसना फी वाचवायची होती, म्हणून त्यांना फक्त कंपनी रजिस्ट्रेशनचं काम दिलेलं. मी म्हटलं होतं, जमिनीचं मी बघते. त्यांनी काउंटीत चेक केलं. ते जमीन अजून शेताचं आहे. सरकारने घेतलीच नाही. म्हणजे गावाने दिलेलं लीज कामाचं नाही.’

‘आणि पन्नास वर्षं?’

‘ते पण नाही. नुसत्या भाड्याचा करार तिथे वीस वर्षांच्या पुढे चालत नाही. पुढचं सगळं झिरो. पन्नास हे सरकार देतं त्याला. मी कॉन्ट्रॅक्टमध्ये पन्नास वाचलं, फॅक्टरीला पन्नास बरोबर आहे म्हटलं, आणि पुढे गेले.’

इथेच खरी मेख होती. आम्ही सगळे लीजवर पोसलेले वकील. इंग्लंडमध्ये पन्नास वर्षांचं लीज म्हणजे चांगली भक्कम मालमत्ता. ते नोंदवता येतं, विकता येतं, त्यावर बँक कर्ज देते. त्या कागदाच्या इंग्रजी भाषांतरावर ‘लीज, फिफ्टी इयर्स’ लिहिलेलं होतं आणि जेफ्रींसकट कोणालाही त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. आकडा ओळखीचा निघाला म्हणून देणारा कोण आहे हे कोणी विचारलं नाही.

‘जेफ्रीला तू सांगितलंस का?’ इराने विचारलं.

‘नाही.’

‘का?’

‘फाइल तुझी आहे.’

ती माझ्या खुर्चीतून उठली. मग म्हणाली, ‘मी सांगते. त्यांना पण आणि मिस्टर हॉलिसना पण.’

ती कसं सांगेल याचा मला अंदाज होता. वकिलांची एक पद्धत असते. ‘आता काही नवी माहिती हाती आली आहे, त्या अनुषंगाने आम्ही असं सुचवू इच्छितो.’ मी ती वाक्यं अनेकदा लिहिली आहेत. त्यात कोणी चुकलेलं नसतं, माहितीच उशिरा आलेली असते.

गुरुवारी हॉलिस आले. जेफ्री, इरा, मी आणि ते. हॉलिस उंच, सावकाश बोलणारे, कोटाच्या खिशात नेहमी स्वतःच्या फॅक्टरीची एखादी बिजागरी. बोलताना ती उघडमीट करायचे.

‘जमीन गावाची शेतजमीन आहे,’ इरा म्हणाली. ‘गाव ती तुम्हाला फॅक्टरीसाठी देऊ शकत नाही. शेड बांधली तरी ती कधीही पाडता येईल.’

‘तू पन्नास वर्षं म्हणाली होतीस.’

‘म्हणाले होते. चूक माझी. मी आकडा पाहिला आणि देणारा पाहिला नाही. मेधाने ती परवा पकडली.’

एवढंच. आवाज चढला नाही, पडला नाही. जेफ्री पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत होते. हॉलिसनी बिजागरी मिटली आणि माझ्याकडे वळले.

‘तुम्हाला चायनीज येतं?’

‘नाही. माझ्या वडिलांनी पुण्याबाहेर प्लॉट घेतला होता.’

‘मग?’

‘तिथे अजून भेंडी पिकते.’

ते हसले नाहीत. उठून खिडकीपाशी गेले. ‘उद्या सही केली नाही तर बिल्डर किंमत पाडेल,’ ते म्हणाले. ‘तो वाटच बघतोय.’

‘पाडेल,’ मी म्हणाले. विक्रीची फाइल माझी होती, तेव्हा हे सांगणं माझं काम. ‘पण उद्या सही केली, तर तुमच्या प्रेस नेणार कुठे? तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही.’

‘आजोबांनी ही जागा फ्रीहोल्ड घेतली होती. खाली पार पाताळापर्यंत आमची. जमीन कोणाची हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारला नाही.’ त्यांनी बिजागरी खिशात टाकली. मग म्हणाले, ‘उद्याचं रद्द करा.’

कॉरिडॉरमध्ये जेफ्री मला म्हणाले, ‘वेल स्पॉटेड.’ मग ते इराच्या बरोबर चालू लागले. मागून मला ऐकू आलं, ‘असं क्लायंटच्या तोंडावर सांगायला धाडस लागतं.’ पुढच्या महिन्यात चायना डेस्क जाहीर झालं. हेड इरा.

चूक जिने केली तिला डेस्क मिळालं आणि जिने पकडली तिला दोन शब्द. हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. पण त्याहून वेगळंच काहीतरी डाचत होतं. तोवर मी तिच्या मँडरिनवर जळत होते. मँडरिनचे क्लास असतात, संध्याकाळी जाता येतं. ‘चूक माझी’ हे ती जसं म्हणाली, सही करण्याआधी पेनाचं टोपण काढावं इतक्या सहज, ते कुठे शिकवत नाहीत. आता मी त्यावर जळू लागले.

हॉलिसचं असं झालं. बिल्डरने किंमत पाडली, अपेक्षेप्रमाणे. हॉलिसनी तीन महिन्यांनी ती मान्य केली. मधल्या काळात इराने त्यांच्यासाठी सरकारी औद्योगिक वसाहतीतली जागा शोधली. छोटी, पण सरकारने दिलेली, पन्नास वर्षांची, सर्टिफिकेटसकट. निम्म्या प्रेस तिकडे गेल्या. निम्म्या त्यांनी शहराबाहेर भाड्याच्या शेडमध्ये ठेवल्या, आणि त्या अजून चालतात. गावाची ती जागा दुसऱ्याच एका परदेशी कंपनीने घेतली. दोन वर्षांनी तिथून रस्ता गेला. शेड पाडली. भरपाई गावाला मिळाली, जमिनीची आणि उभ्या भाजीची. शेडची कोणालाच नाही. इराने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. ‘कोबीचे पैसे मिळाले, ताई,’ एवढंच म्हणाली.

त्याआधी, २००७ मध्येच, चीनमध्ये नवा प्रॉपर्टी लॉ आला होता. इराने पुन्हा सेमिनार घेतला. घराच्या जमिनीची सत्तर वर्षं संपली की मुदत आपोआप वाढणार, असं त्यात लिहिलेलं होतं. काय खर्च येईल ते लिहिलेलं नव्हतं. फॅक्टरीचं तसं नाही. मुदत संपायच्या वर्षभर आधी अर्ज करायचा. त्या सेमिनारमध्ये तिने पहिला प्रश्न फळ्यावर लिहिला, ‘जमीन कोणाची?’ आणि त्याखाली, ‘एन.ए.?’ इंग्रज ऐकणाऱ्यांना अर्थ समजावून सांगितला आणि म्हणाली, ही मेधाची टेस्ट. तेव्हापासून आमच्या ऑफिसात गोऱ्या तोंडांतून ‘इज इट एन.ए.?’ ऐकू येतं. लेस्टरच्या मुलीने माझा शब्द माझ्याहून चांगला खपवला.

मागच्या वर्षी इरा आजारी पडली. पोटाचं दुखणं, उशिरा कळलं. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा ती उशीला टेकून फोनवर कोणाशी तरी चायनीज बोलत होती आणि दोन नर्स कौतुकाने ऐकत होत्या. तिथेही.

‘ताई, माझं घराच्या कॅटेगरीत नाही,’ फोन ठेवून ती म्हणाली. ‘फॅक्टरीच्या आहे. एक वर्ष आधी अर्ज करायचा होता. मी लेट केलं.’

मी तिची उशी सारखी केली. माझ्या जागी तिला उत्तर सुचलं असतं.

ती चौतिसाव्या वर्षी गेली. लेस्टरच्या क्रेमॅटोरियममध्ये जागा पुरली नाही, लोक बाहेर पावसात उभे होते. उभ्या उभ्या माझ्या मनात आलं की माझ्या वेळी इतके येणार नाहीत. अशा वेळीही ते आलं. नंतर तिची आई गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली. बारीक चणीच्या, पांढरी शाल घेतलेल्या बाई.

‘तुम्हीच ना त्या एन.ए.वाल्या मेधाताई?’

‘हो.’

‘ओळखलं मी. तिने किती जणांना ती गोष्ट सांगितली असेल. अख्ख्या ऑफिसात कोणाला कळलं नाही, आणि पुण्याच्या बाईने फोटोतल्या भेंडीवरून चिनी कायदा पकडला.’

‘कोबी होता, काकू,’ मी म्हणाले.

‘कोबी? ती तर भेंडीच सांगायची.’

तेव्हा समजलं, तिने माझ्या वडिलांचा प्लॉट आणि स्वतःचा फोटो एक करून टाकला होता. गोष्ट त्याने छोटी होते आणि जास्त चांगली होते. मी काकूंचा हात धरून उभी राहिले. त्या म्हणाल्या, ‘भेंडीच असू दे.’ मी म्हणाले, ‘असू दे.’

चायना डेस्क आता माझ्याकडे आहे. तिची खुर्ची खरंच मऊ आहे. चिनी फोनसाठी एक मुलगा ठेवला आहे, आणि तो बोलताना मजला गप्प होत नाही. गेल्या आठवड्यात एका नव्या ट्रेनीने जेफ्रींना विचारलं, हे एन.ए. कुठून आलं. ते म्हणाले, ‘इराची टेस्ट.’

‘मेधाची टेस्ट,’ मी लगेच म्हणाले. ‘इरा तिला असंच म्हणायची.’

ते थोडे गडबडले आणि म्हणाले, बरोबर, असंच म्हणायची. माझ्या हक्काच्या एवढ्या गोष्टीलाही साक्षीदार तीच.

चीनमध्ये किंवा कुठेही जागा घेणाऱ्यांसाठी सांगायचं ते थोडंच आहे. वर्षांचा आकडा शेवटी वाचा. आधी देणारा कोण ते बघा, आणि भिंतीच्या आत काय पिकतंय तेही. कागद येणार आहे असं कोणी म्हणालं, तर आल्यावर बोलू म्हणा. हे लिहायला मला बरेच रविवार लागले. इराने दहा मिनिटांत सांगितलं असतं, भेंडी घालून, आणि तुम्ही हसला असतात.